डबा घेऊ की ताक पिऊ?

पत्राचा गोषवारा: लिहिणारी २१ वर्षांची आहे, अकोला जिल्ह्यातल्या खारपाणपट्ट्यातली, म्हणजे जिथं जमिनीखालचं पाणी खारं आहे त्या भागातली. पोलीस भरतीची तयारी करते. पहाटे पावणेपाचला गावाबाहेरच्या शाळेच्या ग्राउंडवर तासभर धावणं आणि व्यायाम, संध्याकाळी गोळाफेक. वजन ४८ किलो. ८०० मीटरला ३ मिनिटं ८ सेकंद लागतात, तिला २ मिनिटं ५० सेकंदांच्या आत यायचं आहे. दोन महिन्यांपासून टायमिंग तिथंच अडकलंय. धावून आलं की डोकं दुखतं, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, दुपारी पुस्तक उघडलं की झोप येते. तालुक्याच्या अकॅडमीतले सर म्हणतात, ‘रिकव्हरी होत नाही तुझी, व्हे प्रोटीन घे.’ दुधातल्या प्रथिनांच्या या पावडरीचा डबा २,८०० रुपयांचा, तोही त्यांच्याकडेच मिळणारा. मेडिकलवाला ओआरएस (जुलाबात देतात ते मीठ-साखरेचं पाणी) म्हणून गोड टेट्रापॅक पुढे करतो. आई म्हणते ताक पी. काका म्हणतात, धावल्यावर अर्धा तास पाण्याला शिवू नको. भाऊ तुरीच्या पैशांतून डबा घेऊन द्यायला तयार आहे, पण तिचं मन खातंय. ‘ताई, यातलं सगळ्यात चांगलं पेय कोणतं? डबा घेऊ का?’

प्रिय मुली,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. प्रश्न तू शेवटच्या ओळीत विचारलास, पण माझी नजर मधल्याच एका वाक्यावर अडकली. ‘ग्राउंडवर पोरींसाठी काही सोय नाही, म्हणून मी आदल्या संध्याकाळपासूनच पाणी बेतानं पिते.’ हे तू इतकं सहज लिहून गेलीस, जणू ग्राउंडवर गवत वाढलंय हेच सांगत होतीस.

एक गोष्ट सांगते. १९६५ साली अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठात तिथल्या फुटबॉल संघाच्या एका प्रशिक्षकानं डॉक्टर रॉबर्ट केड यांना विचारलं, की आमच्या पोरांना सामन्याच्या वेळी लघवीला का होत नाही? उत्तर असं निघालं की उन्हात पोरांचा इतका घाम जातो की लघवी व्हायला अंगात पाणीच उरत नाही. मग केड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाण्यात मीठ घातलं, साखर घातली, चव अगदीच वाईट लागली म्हणून लिंबाचा रस पिळला. त्याचंच पुढे गेटोरेड झालं आणि जगभर बाटल्या खपल्या. म्हणजे ‘स्पोर्ट्स ड्रिंक’ नावाच्या सगळ्या पसाऱ्याची सुरुवात लघवीच्या प्रश्नातून झाली, आणि त्यातून जे निघालं ते आपलं लिंबाचं सरबत. त्या पोरांना पाणी मिळत होतं ते पुरत नव्हतं. तू तर मुद्दाम कोरडी राहून धावतेस.

त्यामुळे धावून आल्यावर काय प्यावं, याआधी धावायला निघताना अंगात काय असतं ते पाहू. आदल्या संध्याकाळपासून कमी पाणी, पहाटे अर्धा कप चहा, तासभर घाम, मग घरी येऊन झाडलोट, सडा, भांडी, आणि जेवण अकराला. हे सगळं तूच लिहिलं आहेस. डोकं दुखणार नाही तर काय होईल? कोणताही डबा ग्राउंडवरून परत आल्यावरच उघडणार ना. आदल्या रात्रीची कसर तो कशी काढेल?

तेव्हा पहिलं काम पहाटे पावणेचारचं. उठल्या उठल्या दोन पेले पाणी, साधारण ४०० मिली. त्यातलं जे अंगाला नको ते पाऊण-एक तासात खाली येतं, म्हणजे निघायच्या आधी घरीच मोकळं होता येतं. सोबत मूठभर गूळ-फुटाणे किंवा एक केळं. ग्राउंडवर तहान लागली तर दोन-तीन घोट. बाकीचं घरी आल्यावर. हे आठवडाभर करून बघ, अजून एक पैसाही खर्च झालेला नाही. आणि तुझ्यासोबत आणखी चार मुली धावतात असं लिहिलंस, तर पाचही जणी मिळून मुख्याध्यापकांकडे जा आणि शाळेच्या संडासाची किल्ली मागा. एकटीला अवघड जाईल, पाच जणींना कुणी सहसा नाही म्हणत नाही. लाजण्यासारखं यात काही नाही. उद्या वर्दी घालून बंदोबस्ताला उभी राहशील तेव्हाही हाच प्रश्न येणार आहे.

आता काकांचं. काकांवर रागावू नकोस, कारण मी स्वतः क्रीडाशिक्षिका असताना कितीतरी वर्षं खो-खोच्या पोरींना हेच सांगत होते. ‘धाप लागली असताना पाणी नको.’ आमच्या गुरुजींनी आम्हाला सांगितलं, आम्ही पुढे ढकललं. एकदा एप्रिलच्या सरावात एक पोर माझ्यासमोर चक्कर येऊन पडली आणि तिच्या मैत्रिणीनं मला न विचारता तिला पाणी पाजलं. ती मैत्रीण माझ्यापेक्षा शहाणी होती. काकांच्या म्हणण्यात खरं एवढंच आहे की दम लागलेला असताना गटागटा तांब्याभर पाणी प्यायलं तर पोटात कळ येते किंवा उलटी होते. पाच मिनिटं चाल, श्वास खाली येऊ दे, मग घोट घोट घ्यायला लाग. अर्धा तास थांबायला काही कारण नाही.

किती प्यायचं? याला एक सोपी रीत आहे. गावात कापूस मोजायचा इलेक्ट्रॉनिक काटा कुणाकडे तरी असेलच. एक दिवस धावण्याआधी आणि धावून आल्यावर, घाम पुसून, त्याच कपड्यांत वजन कर. समजा ६०० ग्रॅम कमी भरलं, तर साधारण ६०० मिली पाणी गेलं. पुढच्या दोन तासांत त्याच्या सव्वा ते दीडपट, म्हणजे ७५० ते ९०० मिली प्यायचं. एकदा फेब्रुवारीत मोज, एकदा एप्रिलमध्ये. आपल्याकडे या दोन महिन्यांच्या घामात किती फरक पडतो ते मी तुला सांगायला नको. रोज मोजायची गरज नाही, लघवीचा रंग बघत जा. फिकट पिवळी असली तर ठीक, गडद झाली तर पाणी कमी पडतंय. आणि उगाच चार-चार लिटरही ढोसू नकोस. फार पाणी प्यायल्यानं रक्तातलं सोडियम पातळ होतं, तेही धोक्याचं.

घामातून पाण्याबरोबर मीठ जातं, म्हणून आईचं ताक बरोबर. अर्ध्या लिटर ताकात पाव चमचा (चहाचा चमचा) मीठ, थोडं भाजलेलं जिरं. लिंबू-पाणी हवं असेल तर एक लिटर पाण्याला सपाट अर्धा चमचा मीठ, सहा सपाट चमचे साखर आणि लिंबू. हे घरगुती ओआरएसचंच प्रमाण आहे. तासाभराच्या धावण्याला खरं तर एवढंही लागत नाही. साधं पाणी आणि नंतरची भाकर-ठेचा-लोणचं यातून मीठ भरून निघतं. पण उन्हाळ्यात घाम जास्त गेला की हे कामी येतं. घरात कुणाला बीपी किंवा किडनीचा त्रास असेल, तर त्यांनी तुझ्या तांब्यातलं खारं ताक घेऊ नये.

तू गमतीनं विचारलंस, ‘आमचं पाणीच खारं, मग आम्हाला वेगळ्या मिठाची काय गरज?’ हसू आलं, पण उत्तर गंभीर आहे. तुमच्या पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या बोअरच्या पाण्यात नुसतं मीठ नसतं, इतर क्षारही असतात, आणि काहींनी पोट ढिलं होतं. ते व्यायामानंतरचं पेय नाही. पिण्यासाठी तुमच्याकडे जे कॅनचं किंवा नळयोजनेचं पाणी येतं तेच घे, मीठ मापानं आपल्या हातानं घाल.

आता ताकाची दुसरी बाजू. आई पाजते ते पातळ ताक पाणी आणि मीठ देतं. प्रथिनं त्यात फारशी नसतात. तहान आणि भूक हे दोन वेगळे हिशेब आहेत. ‘रिकव्हरी ड्रिंक’ या शब्दानं ते एकत्र बांधले आणि तिथंच तुझा गोंधळ झाला. घामाची भरपाई तांब्यातून होते, थकलेल्या स्नायूंची ताटातून.

ताटाचा हिशेब कर. मेहनत करणाऱ्याला दिवसाला किलोमागे साधारण १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिनं लागतात. तुझ्या ४८ किलोला ५८ ते ७७ ग्रॅम. तू लिहिलेल्या जेवणावरून, दिवसभरातल्या चार ज्वारीच्या भाकरींतून अंदाजे २५ ग्रॅम आणि दोन वाट्या तुरीच्या वरणातून दहा-अकरा. म्हणजे पस्तीस-छत्तीस. किमान वीस-पंचवीस ग्रॅमची तूट आहे, आणि ती खरी आहे. सर सांगतात त्यात तेवढं तथ्य आहे. फक्त ती भरायला डबाच पाहिजे असं नाही. एक पेला दूध ८ ग्रॅम, ५० ग्रॅम फुटाणे १० ग्रॅम, एक अंडं ६ ग्रॅम. झाले २४. अंडं चालत नसेल तर २५ ग्रॅम सोयाबीनच्या वड्या, त्यात १३ ग्रॅम असतात. आपल्याच वावरातलं सोयाबीन बाजारात जातं आणि वड्या होऊन पाकिटातून परत येतं, असो. घरी सोयाबीन आहे म्हणून कच्चं दळून दुधात घालू नकोस हं. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारा घटक असतो. ते नीट शिजवावं किंवा खरपूस भाजावं लागतं. आणि सध्या हरभरा निघतोय. हुळा, म्हणजे भाजलेला ओला हरभरा, खायला वेगळं निमित्त लागतं का?

तुला पेयच हवं असेल, आणि अकरापर्यंत जेवण होत नसेल तर ते हवंच, तर माझं मत सातूच्या पिठाला. गहू आणि हरभऱ्याची डाळ भाजून, जिरं-सुंठ घालून दळलेलं. तुझ्या आजीला विचार, तिला माझ्यापेक्षा चांगलं येत असणार. चार मोठे चमचे, म्हणजे ५० ग्रॅमच्या आसपास पीठ, पेलाभर दुधात कालवायचं, गुळाचा खडा टाकायचा. पंधरा-सोळा ग्रॅम प्रथिनं मिळतात आणि दौडीत खर्च झालेली साखर भरून काढायला पिष्ट आणि गूळही. एका वेळेला तुझ्या वजनाला किलोमागे ०.३ ग्रॅम, म्हणजे १४-१५ ग्रॅम प्रथिनं पुरतात. तालमीतले पैलवान थंडाई घोटायचे ती याच कामासाठी. आपण बदामाऐवजी फुटाण्यावर भागवू. धावून आल्यावर तासाभरात घे. अर्ध्या तासाच्या आत नाही घेतलं तर मेहनत वाया जाते, हे मात्र मनातून काढून टाक. संध्याकाळी पुन्हा सराव आहे म्हणून लवकर घेतलेलं बरं, इतकंच.

डब्याबद्दल मी उगाच वाईट बोलणार नाही. व्हे म्हणजे दूध फाडून पनीर केलं की उरतं ते पाणी. त्यातली प्रथिनं वेगळी काढून वाळवलेली असतात. विष नाही, जादूही नाही. दुधातल्या प्रथिनांचा पाचवा हिस्सा तेच असतं. किलोच्या डब्यात तीस-बत्तीस माप निघतात, म्हणजे तुझ्या डब्याचं एक माप जवळपास ९० रुपयांचं. त्यात चोवीस-पंचवीस ग्रॅम प्रथिनं. तेवढी प्रथिनं चार अंड्यांत येतात. गावातला भाव लावून तूच गणित कर. ज्याला शहरात खोलीवर राहून स्वयंपाक जमत नाही, नोकरी आणि सराव दोन्ही सांभाळायचं आहे, हातात पैसे आहेत, त्यानं जरूर घ्यावा. घेताना सीलबंद, परवाना क्रमांक असलेला, मागची चिठ्ठी वाचून. ‘मास गेनर’ (वजन वाढवणारी पावडर) लिहिलेल्या मोठ्या डब्यात बहुतेक पिठूळ साखरच असते. पुडीत बांधून दिलेली, लेबल नसलेली पावडर कुणीही दिली तरी घेऊ नकोस. आणि जो माणूस डबा घे म्हणतो तोच डबा विकतो, तेव्हा त्याचा सल्ला थोडा हातचा राखून ऐकावा. सरांचं धावण्याचं वेळापत्रक चांगलं असेल तर ते जरूर पाळ.

अकॅडमीतली मुलं डब्यामुळे पुढे गेली असं तुला वाटतं. ती दिवसातून किती वेळा जेवतात? धावून आल्यावर भांडी कोण घासतं? एकदा बघ. भरतीच्या मैदानी चाचणीच्या ५० गुणांत ८०० मीटरचे २०, शंभर मीटरचे १५ आणि गोळ्याचे १५. या तिन्हींना झोप लागते, आणि ती तुला मिळत नाहीये.

एक नाजूक गोष्ट बोलते, चुकलं तर सोडून दे. तुमच्याकडे एक म्हैस आहे, दूध डेअरीला जातं, राहिलेलं चहाला. भावाकडे डब्यासाठी २,८०० रुपये तू एकदा मागू शकलीस, पण ‘रोज एक पेला दूध माझ्यासाठी ठेवा’ हे घरात बोलणं तुला जड गेलं असावं. डबा एकदा मागता येतो, दूध रोज मागावं लागतं. मला वाटतं भावाला खरंच मदत करायची आहे. त्याला सांग, डबा नको, सकाळचा पेलाभर डेअरीच्या किटलीत जायच्या आधी बाजूला काढ. आणि झाडलोटीतली अर्धी कामं परीक्षा होईपर्यंत दुसऱ्या कुणाच्या तरी हातात जाऊ देत. भावाचे हात काय करतात?

मेडिकलवाल्याचं टेट्रापॅक राहिलं. खरं ओआरएस हे जुलाबाचं औषध. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्यानंच माणसं वाचवली. आजच्या सूत्रात लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे १०० मिलीला दीड ग्रॅमही नाही. गोड टेट्रापॅकांत याच्या कितीतरी पट साखर असते. केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये बजावलंय की जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयाच्या नावात ‘ओआरएस’ वापरायचं नाही. तुला दोन्हींची रोज गरज नाही. घरात औषधाचं एक पाकीट मात्र असू दे, आणि लागलं तर ते अख्खंच एक लिटर पाण्यात टाक, अंदाजानं अर्धं नाही.

आता ज्याची मला खरी काळजी आहे ते. तू लिहितेस पाळी जास्त जाते, जिना चढताना धाप लागते, दुपारी झापड येते. पाणी कमी आणि जेवण उशिरा हे कारण आहेच, पण हे रक्त कमी असण्याचंही लक्षण असू शकतं. रक्तात प्राणवायू वाहून नेणारं हिमोग्लोबिनच कमी असेल तर ८०० मीटरच्या दुसऱ्या फेरीत पाय जड होणारच, आणि जगातलं कुठलंही पेय तिथं कामाचं नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी फुकट होते. बायकांमध्ये १२ च्या खाली आकडा आला तर डॉक्टर सांगतील तशा लोहाच्या गोळ्या घे, मनानं नको. त्याच वेळी सिकलसेलचीही तपासणी करून मागून घे; आपल्या विदर्भात हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, आणि तो असेल तर कोरड्या अंगानं जोरात धावणं धोक्याचं ठरू शकतं. गोळ्या सुरू झाल्या किंवा नाही झाल्या, तरी जेवणाबरोबर चहा बंद कर. चहानं अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. तासाभरानं पी. वरणावर लिंबू पिळ, त्यानं उलट मदत होते. रात्री पोटऱ्यांत गोळे येण्याचं कारण एकच नसतं, थकलेले स्नायूही गोळा धरतात. झोपायच्या आधी पोटऱ्या ताण, आणि पाणी-जेवण सुधारूनही महिनाभरात फरक पडला नाही तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाल.

जाता जाता तुझ्या आईबद्दल. ती उन्हातान्हात निंदायला जाते, संध्याकाळी डोकं धरून बसते, असं तू एका ओळीत लिहिलंस. तासभर धावणाऱ्या तुझ्यापेक्षा आठ तास वावरात वाकणाऱ्या तिचा घाम जास्त जातो. तुझ्यासाठी ताक घुसळशील तेव्हा बाटलीभर तिच्या डब्यासोबतही दे. तिचा बीपी कधी तपासलाय का? नसेल तर आरोग्य केंद्रात तिलाही सोबत ने, आणि ताकात मीठ किती घालायचं ते तिथंच विचार.

सोमवारी जा. आकडा आला की मला लिही, टायमिंगचं पत्र नंतर आलं तरी चालेल.

तुझी,
ताई